चार मुलांची एक नोकरी

(प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



दिवसभर राबून, भाकरतुकडा खाऊन तुम्ही रात्री इथे येऊन बसता. डोळ्यांवर झोप असते, तरी पाटी सोडत नाही. तुमच्यापुढे मी काही मोठा विद्वान नव्हे. १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, मास्तरकीचा अभ्यासक्रम केला आणि जन्मभर प्राथमिक शाळेत खडू झिजवला. शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक होतो. एवढीच माझी कमाई.

आज धडा घेणार नाही. एका शाळेची गोष्ट सांगणार आहे. शाळा फार लांबची आहे. पण तिच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो तुमच्या-माझ्या घरचा आहे. म्हणून लांबची गोष्ट सांगण्याआधी जवळची सांगतो. माझी एक चूक सांगतो.

१९९१ सालची ही गोष्ट. मी तेव्हा डोंगराकडच्या एका शाळेवर होतो. सातवीत एक मुलगा होता. गणितात असा हुशार, की मी फळ्यावर उदाहरण लिहून खडू खाली ठेवतो न ठेवतो, तोच त्याचे उत्तर तयार. दिवाळी झाली आणि त्याचे वडील शाळेत आले. म्हणाले, "गुरुजी, पोराचा दाखला द्या. टोळीसंगं कारखान्यावर चाललोय."

मी म्हणालो, "अहो, पोरगा हुशार आहे. शाळेला फी नाही, पुस्तके मोफत आहेत. मग काढता कशाला?"

त्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "गुरुजी, फी माफ हाय, पण भाकर माफ न्हाई. मुकादमाकडनं उचल घेतलीया. आमी दोघं ऊस तोडणार. पोरगा बैलांना पाणी दावील, वाढ्याच्या पेंढ्या बांधील, धाकटीला सांभाळील. त्याला हितं कुणापाशी ठिऊ?"

मला उत्तर सुचले नाही. मी दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. मनात म्हटले, आपण तरी काय करणार? सरकारने फी माफ केली, आपण चार शब्द सांगितले. आपले काम झाले.

मंडळी, माझे काम झाले नव्हते. पण हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. मी हिशेब फक्त फीचा केला होता. गरिबाच्या घरात शाळेचा हिशेब फीवर संपत नाही, तिथून सुरू होतो. मूल शाळेत बसले, की त्याच्या हाताची कमाई बुडते. धाकट्याला बघणारे कोणी राहत नाही. हा हिशेब जी शाळा करत नाही, तिचे दार उघडे असून बंद असते.

आता त्या लांबच्या शाळेकडे वळू.

अमेरिकेत शिकागो नावाचे मोठे शहर आहे. नाव तुम्ही ऐकले असेल. स्वामी विवेकानंदांनी १८९३ साली सर्वधर्म परिषदेत भाषण केले, ते याच शहरात. या शहरात पिल्सेन नावाची एक वस्ती आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे युरोपातल्या बोहेमिया प्रांतातून आलेले कामकरी राहत. त्यांनीच आपल्या मुलखातल्या शहराचे नाव वस्तीला दिले. पुढे ते लोक पांगले आणि त्यांच्या जागी मेक्सिको देशातून पोट भरायला आलेली माणसे राहू लागली. त्यांची भाषा स्पॅनिश, आणि कचेऱ्यांचा, शाळांचा कारभार इंग्रजीत. आपल्याकडचा माणूस परमुलखात कामाला गेला, की त्याची जी गत होते, तीच यांची. अंगात कष्ट करायची ताकद आहे, पण कागद समोर आला की मान खाली.

अमेरिका श्रीमंत देश आहे. तिथे सरकारी शाळा फुकट आहेत. तरीसुद्धा या वस्तीतली पुष्कळ मुले हायस्कूल अर्धवट सोडत. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा झाला, की कुठे तरी कामाला लागायचा. म्हणजे बघा, देश बदलला तरी गरिबाची गोष्ट फारशी बदलत नाही.

शिकागोत कॅथलिक ख्रिस्ती लोकांमधील येशूसंघाचे धर्मगुरू काम करीत. त्यांना जेझुइट म्हणतात. हा संघ आपल्याला अगदीच परका नाही. मुंबईचे सेंट झेवियर कॉलेज १८६९ साली याच संघाने काढले. चारशे वर्षांपूर्वी गोव्याकडे येऊन ज्यांनी मराठीत ख्रिस्तपुराण लिहिले, ते फादर स्टीफन्स याच संघाचे. शाळा काढणे हे या लोकांचे जुने काम आहे. पण त्यांच्या चांगल्या शाळांची फी भारी असे. पिल्सेनमधल्या मजुराला ती झेपण्यासारखी नव्हती.

१९९० नंतर या संघाने ठरवले, की पिल्सेनमधल्या गरिबांसाठी काही करायचे. काय करायचे, हे त्यांनी आधी ठरवले नाही. त्यांनी लोकांना विचारले. घराघरांतून, चर्चमधून विचारले, "तुम्हांला काय हवे?" हे मला फार आवडले. आम्ही मास्तर लोक सांगायला पुढे असतो, विचारायला मागे. लोकांनी उत्तर दिले, "आमच्या पोरांसाठी चांगले हायस्कूल हवे. तिथे इंग्रजी यावे आणि आमची स्पॅनिशही राहावी."

उत्तर मिळाले, पण पैसा कुठे होता? खाजगी शाळा म्हणजे तिला सरकारी खजिन्याचा आधार नाही. शिक्षकांचे पगार, इमारत, पुस्तके, दिवाबत्ती, सगळा खर्च फीतून काढायचा. आणि मुले तर अशा घरची, की फी देऊच शकत नाहीत. देणग्या मागाव्यात, तर देणगीचे पाणी आज आहे, उद्या नाही. देणाऱ्याचा हात आखडला की शाळेला कुलूप.

शाळा उभी करण्यासाठी ज्यांना बोलावले, त्यांचे नाव फादर जॉन फोली. ते शिकागोचेच. पण दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात त्यांनी तीसहून अधिक वर्षे शिक्षणाचे काम केले होते. तिथे त्यांनी गरिबी जवळून पाहिली होती. अडचण त्यांच्यापुढेही तीच होती. शेवटी एका सल्लागाराने एक साधी युक्ती सुचवली. मुलांनाच काम द्या. आठवड्यातून एक दिवस मूल कचेरीत काम करील आणि त्याच्या कामाची मजुरी शाळेला मिळेल. त्यातून त्याची फी भागेल.

१९९६ साली शाळा सुरू झाली. नाव ठेवले 'क्रिस्तो रे'. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ ख्रिस्त राजा.

आता ही युक्ती कशी चालते, ते नीट समजून घ्या. पाट्या हातात घ्या. आज धडा नाही म्हणालो, पण एवढे गणित करूच.

एका कचेरीत एका माणसाची नोकरी आहे. आठवड्याचे पाच दिवस काम, सोमवार ते शुक्रवार. ही एक नोकरी चार मुलांत वाटायची. पहिला मुलगा सोमवारी जाईल. दुसरा मंगळवारी, तिसरा बुधवारी, चौथा गुरुवारी. राहिला शुक्रवार. तो चौघांनी पाळीपाळीने घ्यायचा. एका आठवड्यात याने, दुसऱ्या आठवड्यात त्याने. चार आठवड्यांचे दिवस किती? पाच चोक वीस. वीस दिवस चौघांत वाटले, तर प्रत्येकाला किती? पाच. म्हणजे एका मुलाला महिन्यातून पाच दिवस काम. बाकीचे दिवस शाळा. कचेरीची खुर्ची एक दिवसही रिकामी नाही, आणि एकाही मुलाची शाळा सुटत नाही.

तुम्ही विचाराल, ज्या दिवशी मूल कामाला जाते, त्या दिवशीचा धडा बुडत असेल. नाही. वेळापत्रकच असे बांधले आहे, की ज्या वर्गाचा कामाचा दिवस, त्या दिवशी त्या वर्गाला तासच नाही. ती भर काढायला शाळेचे इतर दिवस लांबवले आहेत. ही गोष्ट दिसायला लहान आहे, पण सारी मेख इथेच आहे. आपल्याकडे मूल कामाला गेले की वर्ग पुढे जातो आणि मूल मागे राहते. चार दिवस मागे राहिले की त्याला शरम वाटते. शरम वाटली की ते येईनासे होते. तिथे मुलाने वेळापत्रकामागे धावायचे नाही, वेळापत्रकानेच मुलासाठी थांबायचे.

कामे कसली? बँका, वकिलांच्या कचेऱ्या, दवाखाने, मोठमोठ्या कंपन्या. टपाल वाटणे, कागद लावून ठेवणे, संगणकावर माहिती भरणे, टेलिफोन घेणे. धोक्याचे काम नाही, ओझी वाहायची नाहीत. पहिला वर्ग सुरू होण्याआधी मुलांना उन्हाळ्यात तयारी करून देतात. समोरच्या माणसाशी कसे बोलावे, वेळ कशी पाळावी, चुकले तर कसे सांगावे, कपडे कसे घालावेत. शाळा स्वतःच्या देखरेखीखाली त्यांना कामावर पोचवते आणि परत आणते.

मजुरी मुलाच्या हातात पडत नाही, शाळेकडे जाते. शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा त्यातून निघतो. सगळा निघत नाही, हेही सांगितले पाहिजे. थोडे पैसे घरच्यांनी ऐपतीप्रमाणे द्यायचे, आणि उरलेली तूट देणगीतून भरायची. पण आता देणगी म्हणजे दूध नव्हे, विरजण. दूध मुलांचे.

एक गंमत बघा. ही युक्ती काढली ती पैशासाठी. शिक्षणाचा मोठा विचार त्यामागे नव्हता. पण पुढे शिक्षकांच्या लक्षात आले, की काम हाच एक धडा झाला आहे. ज्या उंच इमारतींच्या फरशा या मुलांच्या आया पुसत, त्याच इमारतींत मूल सदरा आणि टाय घालून टेबलाशी बसू लागले. वकील म्हणजे काय, हिशेबनीस म्हणजे काय, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. शाळेत शिकवलेल्या भाषेचा नि गणिताचा उपयोग काय, हे मास्तरांनी सांगायची गरज उरली नाही. गुरुवारी कचेरीत पत्र चुकले, की शुक्रवारी मूल स्वतःहून व्याकरण विचारू लागते.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. फुकट शिकणाऱ्या मुलाची मान जरा वाकलेली असते. मी ती पाहिली आहे. फी माफीच्या यादीत नाव वाचले, की मूल खाली बघते. क्रिस्तो रे शाळेत यादी वाचायची वेळ येत नाही. तिथला मुलगा म्हणतो, माझी फी मी भरतो.

शाळा कॅथलिक आहे, धर्मशिक्षणाचा तास तिथे असतो. पण प्रवेश फक्त कॅथलिकांनाच, असा नियम नाही. नियम निराळाच आहे. ज्याच्या घरची कमाई कमी, त्यालाच प्रवेश. श्रीमंताने दुप्पट फी देऊ केली तरी त्याच्या मुलाला तिथे जागा नाही. आमच्याकडे दाराशी उभ्या असलेल्या मोटारी बघून शाळेची किंमत ठरवतात. तिथे उलटे आहे.

या एका शाळेवरून पुढे दुसऱ्या गावांनी धडा घेतला. २००१ साली पोर्टलंड शहरात याच पद्धतीची शाळा निघाली. मग एकामागून एक निघत गेल्या. आज अमेरिकेतल्या निरनिराळ्या शहरांत अशा सुमारे ४० शाळा आहेत. फादर फोली यांना २००८ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पदक देऊन गौरवले.

आता तुमच्यापैकी कोणी जाणता माणूस म्हणेल, "गुरुजी, यात अमेरिकेचे काय कौतुक? आपल्याकडे अण्णांनी हे कधीच केले होते." अगदी बरोबर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची पोरे एका पंक्तीला बसवली. मुलांनी अंगमेहनत करायची आणि शिकायचे. 'कमवा आणि शिका' हा त्यांचा मंत्र. वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. ते आपल्याला पाठ आहे. अण्णा १९५९ साली गेले, पण त्यांनी लावलेला वड आजही उभा आहे.

शिकागोच्या लोकांनी अण्णांचे नाव ऐकले असेल असे नव्हे. दोन गावच्या दोन विहिरी, पण पाणी एकाच झऱ्याचे. गरिबाच्या मुलाला दया नको, हाताला काम आणि डोक्याला विद्या, दोन्ही एका जागी हवीत, हे दोघांनाही आपापल्या वाटेने कळले.

गेल्या आठवड्यात ही गोष्ट मी एका घरी सांगितली. तिथल्या बाईंनी मला बरोबर कोंडीत धरले. म्हणाल्या, "गुरुजी, पोरांनी काम करून शिकायचं म्हणता. मग आमची पोरं आमच्यासंगं ऊस तोडत्यात, ते काय वाईट?"

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

पहिला फरक वयाचा. शिकागोतली ती मुले हायस्कुलातली आहेत, चौदा वर्षांच्या पुढची. आपल्या कायद्यानेही चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. त्याच्या पुढे अठरापर्यंत धोक्याचे काम देता येत नाही. दुसरा फरक दिवसांचा. त्यांचे काम महिन्याला पाच दिवस, आणि त्या दिवसांत वर्ग नाही. आपले मूल गेले की सलग पाच-सहा महिने जाते, आणि वर्ग थांबत नाही. तिसरा फरक सगळ्यांत मोठा. त्यांचे काम मुलाला वर्गाकडे परत आणते. उसाचा फड मुलाला वर्गापासून लांब नेतो. काम दोन्हीकडे आहे. पण एक काम शिडी आहे आणि दुसरे काम खड्डा आहे.

बाई पुढे म्हणाल्या, "पण त्या पोरांचा पैसा घरी येत न्हाई. मग घरची भाकर कशी भागंल?" हेही खरे. त्या शाळेने सगळा प्रश्न सोडवला असे मी म्हणत नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस मूल घरच्या उपयोगी पडत नाही, ही झीज आईबाप सोसतातच. शिवाय तिथे कायद्याने काम करण्याची मुभा असेल, त्याच मुलाला ही वाट मोकळी. कागदपत्रे नसलेल्यापुढे तिथेही दार अडते. पण त्या शाळेने एक गोष्ट केली, जी मी केली नाही. तिने गरिबाला "का येत नाही?" असे विचारले नाही. "यायचे तर काय काय आड येते?" असे विचारले, आणि त्यातला जो धोंडा आपल्याला हलवता येईल, तो हलवला.

आता माझ्या त्या चुकीचा शेवट सांगतो.

मी निवृत्त व्हायच्या सुमारास एका साखर कारखान्याच्या रस्त्याने चाललो होतो. गाड्यांची रांग लागली होती. एका गाडीवरून हाक आली, "गुरुजी, वळखलं का?" तोच मुलगा. आता बाप्या झालेला, दाढी पिकू लागलेली. टोळीतल्या सगळ्यांच्या वजनाच्या पावत्या त्याच्याच हातात होत्या. कोणाचे किती टन, कोणाचे किती पैसे, उचलीतून किती फिटले, तोंडी सांगत होता. डोके तेच होते.

मी म्हणालो, "बाळा, तू शिकायला हवा होतास."

तो हसला. त्याने मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाला, "गुरुजी, त्या दिशी मी दाराआड हुबा हुतो. तुमी एकदा तरी थांब म्हणाल, असं वाटलं हुतं. माझी आजी गावात हुती. तिच्यापाशी ऱ्हायलो असतो. पर कुनी इचारलंच न्हाई."

मंडळी, त्याची आजी गावात होती! मला ठाऊक नव्हते, कारण मी विचारले नव्हते. एका वेळच्या भाकरीची सोय आणि रात्री निजायला आजीचे अंथरूण. शाळेने चार घरी शब्द टाकला असता तर एवढे जमले असते. त्याला शिकागो लागत नव्हते, पदक लागत नव्हते. एक प्रश्न लागत होता.

म्हणून मी निघालो आहे, आणि जिथे बोलावतात तिथे ही गोष्ट सांगतो. तुमच्याकडे माझे दोन मागणे आहे. दिवाळीनंतर तुमच्यातले काही जण टोळीबरोबर जातील. जाण्याआधी शाळेत जा. दाखला मागायला नव्हे, हंगामात मुलांना ठेवून घेण्याची काही सोय आहे का, हे विचारायला. एकट्याने जाऊ नका, चौघे मिळून जा. आणि आता तुम्हांला लिहिता येते, तेव्हा अर्ज लिहून न्या. तोंडचा शब्द हवेत जातो, कागद टेबलावर राहतो.

दुसरे मागणे गावात मागे राहणाऱ्यांकडे आहे. शेजारच्या घरातले मूल मागे राहिले, तर त्याला एक भाकरी जास्त थापा. चार घरांनी मिळून एक मूल सांभाळायचे. चार मुलांनी एक नोकरी वाटून घेतली, तर चार घरांना एक मूल का जड व्हावे?

पाटीवरचे ते गणित आज पुसू नका. पाच चोक वीस, वीस भागिले चार, पाच. घरी जाऊन मुलांना करून दाखवा. आणि मुलाने विचारले, हे कशाचे गणित, तर सांगा, हे शाळा न सुटण्याचे गणित आहे.